बायकोवेड्याला इंग्रजीत काय म्हणतात

जळगावच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, तिथली काही मुलं अकरावीपासूनच स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेली असतात. कुठून कुठून अवघड शब्दांच्या पीडीएफ मिळवतात आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. थंडी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा अशाच एका मुलीनं मोबाइल पुढे केला. “मॅडम, हा शब्द कसा वाचायचा?”

मला तो वाचता आला नाही. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण हा शब्द कधी समोर आला नव्हता. “उद्या सांगते,” म्हणून तिला पाठवलं आणि माझ्या मोबाइलवरचा शब्दकोश उघडला. उच्चाराच्या बटणावर बोट ठेवलं, तर आवाज मोठा राहिलेला. कुणी गोरी बाई भरल्या स्टाफरूममध्ये ठणकावून म्हणाली, “अक्सोरियस.” गणिताच्या मॅडम दचकल्या. “काय हो, कसला रोग हा?”

“रोग नाही, विशेषण आहे,” मी म्हटलं आणि अर्थ वाचून दाखवला. बायकोवर फार प्रेम असलेला, किंवा जरा जास्तच प्रेम असलेला. लॅटिनमध्ये बायकोला अक्सोर म्हणत, त्यावरून हा शब्द आला.

“म्हणजे बाईलवेडा,” मराठीचे सर पेपर तपासता तपासता म्हणाले.

“असा कुणी असतो का पण?” गणिताच्या मॅडमनी विचारलं. सगळे हसले. मीही हसले. पण तो अर्थ वाचताक्षणी माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहिला होता, आणि तो माझा नवरा नव्हता. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. पुढचा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

धाकटी धुळ्याला असते. तिच्या नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, पंखे, मिक्सर यांच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देतो. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा नवरा इंजिनिअर, पाइपच्या कारखान्यात चांगल्या जागेवर. धाकटी बारावीला इंग्रजीत अडकली ती अडकलीच. तिला बघायला आलेला मुलगा आयटीआय झालेला, बोटांना वार्निशचा वास. मी तेव्हा एरंडोलला माहेरी आले होते. स्वयंपाकघरात मी आईला हळूच म्हणाले होते, “घाई नको करू, अजून बघू.” मला तिची कीव आली होती. ती कीव किती सुखाची होती, हे मला पुढे कळलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले. धुळ्याचा उन्हाळा म्हणजे भिंतीला हात लावला तरी चटका. तिच्या खोलीत कूलर चालू होता, पण त्याचा आवाजच येत नव्हता. आमच्या जळगावच्या घरातला कूलर लागला की शेजारच्या खोलीतल्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मी विचारलं तर धाकटी सहज म्हणाली, “माझं डोकं दुखतं ना आवाजानं. यांनी मोटार उकलून पुन्हा भरली. पहिल्यांदा गुणगुण राहिली, मग परत उकलली.” तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी मात्र त्या गार, शांत वाऱ्यात पडून राहिले आणि मला झोप लागली नाही.

मग हे असं होतच राहिलं. लेकीच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा तिला वाकता येईना, तर हा पाटावर बसून तिच्या पायाची नखं कापायचा, तेही दार उघडं टाकून, सासू समोर गहू निवडत बसलेली असताना. उन्हाळ्यात पापडांचं काम निघालं की हा दुकान उघडायच्या आधी गच्चीवर जाऊन पापड पसरून यायचा. कुठे लग्नाला निघताना तिच्या साडीच्या निऱ्या खालून धरायला तो सगळ्यांदेखत खाली बसायचा. त्याच्या चुलत भावांनी त्याची टिंगल करून करून शेवटी सोडून दिली. माझी आई त्याच्यावर माया करते, पण तीसुद्धा तोंडाला पदर लावून अहिराणीत म्हणायची, “तो ते बायकोना गुलाम शे.”

माझा नवरा वाईट नाही. हे वाक्य मी बायकांच्या घोळक्यात इतक्यांदा बोलले आहे की ते माझ्या तोंडून आपोआप निघतं. दारू नाही, शिव्या नाहीत, माझ्या पगारात नाक खुपसणं नाही. मी आजारी पडले तर तो डॉक्टरकडे नेतो, औषधं आणून टेबलावर ठेवतो आणि कामावर जातो. रस्त्यानं चालताना तो पाच-सहा पावलं पुढे असतो. लोकांत मला कधी नावानं हाक मारत नाही. “अगं” म्हणतो, आणि फार गर्दी असेल तर नुसता खाकरतो. मी त्या खाकरण्याला ओळखते, मागे वळते. मला वाटायचं की नवरे असेच असतात आणि धाकटीचा तेवढा वेगळा निघाला. तरी ती फोनवर म्हणायची, “आज यांनी मला न सांगता शेवभाजी आणली.” मी म्हणायची, “हो का? छान.” आणि फोन ठेवल्यावर ओट्यावरचं भांडं जरा जोरात आपटायची.

हा शब्द सापडला तेव्हा मला आधी एक आसुरी आनंद झाला, कारण त्या अर्थात “जास्तच” होतं. म्हणजे इंग्रजांनाही हे बरं दिसत नव्हतं. मी घरी येऊन मोठा कोश काढला, मोबाइलवर आणखी दोन-चार कोश पाहिले. सगळीकडे तेच. कौतुकानं वापरलेला फार थोड्या ठिकाणी सापडला, बहुतेक करून बायको गेलेल्या म्हाताऱ्यांबद्दल. एरवी तो शब्द नाक मुरडूनच येत होता. मग मला वाटलं, याच्या उलट काय असेल? नवऱ्यावर जरा जास्त जीव टाकणाऱ्या बाईला काय म्हणतात? बरंच शोधल्यावर एक शब्द मिळाला, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं की तो आता वापरात नाही. तो कुणी फारसा वापरलेलाही दिसत नव्हता. तशा बाईला निराळं नाव द्यायची गरजच कुणाला पडली नसावी. आपल्याकडे तिला पतिव्रता म्हणतात आणि आरतीत बसवतात. बाईनं कितीही केलं तरी जास्त होत नाही, आणि पुरुषानं बायकोची नखं कापली की तो कोशात जातो. हे सगळं मला कळत होतं, रागही येत होता, पण त्या रागाच्या खाली दुसरंच काही जळत होतं. मला कुणाच्या तरी अक्सोरियस नवऱ्याची बायको व्हायचं होतं.

डिसेंबरात आम्ही सगळे एरंडोलला आईकडे जमलो. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं गाव, म्हणून दोघी बहिणींना सोयीचं. थंडीत एक रविवार भरीत करायचं, हे वडील असल्यापासूनचं. मागच्या अंगणात काटक्याकुटक्या पेटवून हिरवी वांगी भाजायला घातली होती. धाकटीचा नवरा विस्तवाजवळ उकिडवा बसून वांगी उलटत होता. भाजलेली वांगी तो ताटात काढी, आणि बोटांना चटके बसत असताना फूं फूं करत सालं सोलून धाकटीच्या पुढे सरकवी. “तू नको हात लावू,” तो म्हणाला. “नवीन बांगड्या शेतस, काळ्या पडतील.”

मी शेजारी हिरव्या मिरच्यांची देठं काढत होते. माझ्या हातांतही बांगड्या होत्या. माझा नवरा खाटेवर बसून मोबाइलमध्ये क्रिकेट बघत होता.

“भाऊजी,” मी म्हटलं, “तुमच्यासाठी इंग्रजीत एक शब्द सापडला.”

“मन्हासाठी?” तो वर बघून हसला. “बोला ना ताई.”

“अक्सोरियस.”

“काय? पुन्हा सांगा बरं.”

मी पुन्हा सांगितलं आणि अर्थही सांगितला. “जास्तच” या शब्दावर मी जरा जोर दिला. आई हसली. मला वाटलं, तो आता ओशाळेल, वांगं खाली ठेवेल, निदान बायकोकडे चोरून बघेल. त्यानं हात धोतराच्या जुन्या फडक्याला पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. “लिहून द्या, ताई. बरोबर स्पेलिंगमध्ये.”

“कशाला?”

“अहो, इतकी वर्षं लोक मला काय काय म्हणत आले. मला वाटायचं, असा मी एकटाच. इंग्रजीत शब्द शे म्हणजे तिकडे बी मन्हासारखा लोक शेतस!” तो इतका खुश झाला होता की त्याला धुराचं भान राहिलं नाही आणि एक वांगं विस्तवात फुटलं. धाकटी त्याला ओरडली, “वांगं बघा आधी.” आणि तो ते फुटलेलं वांगं काढता काढता म्हणाला, “अक्सोरियस माणसाला ओरडू नये.”

सगळे खदखदून हसले. खाटेवरून माझा नवराही हसला. मग भाऊजींनी अगदी निरागसपणे, काही मनात न ठेवता मला विचारलं, “अन् ताई, आमच्या साडूसाहेबांसाठी कोणता शब्द सापडला?”

मी मिरचीचं देठ तोडलं. इंग्रजीच्या प्राध्यापिकेला एकही विशेषण सुचू नये, यावर आई काहीतरी बोलली आणि पुन्हा हशा झाला. मी वर पाहिलं. माझा नवरा हसत नव्हता. तो परत मोबाइलकडे बघत होता, पण खेळ संपला होता आणि पडद्यावर जाहिरात चालू होती.

जेवणं झाली. ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकऱ्या, भरीत, वर कच्चं तेल. मला एरवी दोन भाकऱ्या जातात, त्या दिवशी अर्धी गेली. संध्याकाळी आम्ही कारनं जळगावला निघालो. वाटेत पाळधी मागे पडल्यावर नवरा म्हणाला, “हीटर लावू का?” मी नको म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

चार-पाच दिवसांनी सकाळी चहा घेताना त्यानं कप खाली ठेवला. “तो शब्द मी पाहिला.”

“कोणता?” मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

“तुझा तोच. त्यात ‘जास्त’ असं लिहिलंय. पण किती झालं की जास्त, ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे पाइपची जाडी किती कमी-जास्त चालेल ते लिहिलेलं असतं. त्याच्या पुढे गेली तर माल बाद. तुमच्या कोशात तसं काही नाही.”

“ही काय पाइपची जाडी आहे का?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“नाही,” तो म्हणाला. डबा उचलून कामावर गेला. मी त्या दिवशी दिवसभर चिडलेली होते. त्यानं शब्द शोधला, वाचला, त्यावर विचार केला आणि शेवटी मला पाइप सांगितला.

जानेवारीत आमच्या विषयाचं प्रशिक्षण धुळ्याला लागलं, आठवडाभराचं. राहायला धाकटीकडे जाणं ओघानंच आलं. मी लॉज बघायचा विचार केला होता, हेही खरं. एका दिवसाचा पाहुणचार निभावतो. आठवडाभर ते सगळं डोळ्यांसमोर बघायचं म्हणजे कठीणच. पण धाकटीला सांगणार काय? गेले.

भाऊजींनी तो शब्द दुकानात नेला होता. स्टँडवरून मला न्यायला आले तेव्हा आधी दुकानात थांबलो. एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला आणि म्हणाला, “काय अक्सोरी शेठ, मन्ही मोटार कधी देशी?” भाऊजींनी माझ्याकडे अशा अभिमानानं पाहिलं, जणू मी त्यांना पदवी दिली होती. “याच त्या ताई,” त्यांनी त्या माणसाला सांगितलं. “प्रोफेसर शेतस. यांनीच शोधला तो शब्द.” त्या माणसानं मला नमस्कार केला. मीही केला. टोमणा मारायला काढलेला शब्द धुळ्याच्या बाजारात मिरवत होता आणि माझ्याकडे मारायला दुसरं काही उरलं नव्हतं.

घरी जे दिसायचं ते दिसलंच. सकाळी धाकटीच्या आधी उठून तो तिचा चहा टाकायचा, आणि आता माझाही टाकायला लागला. तिच्या चहात आलं, माझ्या चहात आलं नाही, कारण मला चालत नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. माझ्या नवऱ्यानं मला कधी चहा दिलाच नाही असं नाही. पण मला आल्यानं जळजळतं हे त्याला ठाऊक असेल का, याची मला खात्री नव्हती. तो चहा मला गोड लागेना.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर होतो. वाळत घातलेल्या गोधड्या काढायच्या होत्या. खाली भाऊजींचा आवाज आला, “वर गार शे, स्वेटर देऊ का?”

“नको,” धाकटी वरून ओरडली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ ना. गच्चीवर आले तरी विचारतात. चपला घालायच्या आधी यांना माहीत हवं मी कुठे निघाले. आईकडे एक रात्र राहते म्हटलं, की सकाळी स्कूटर घेऊन दारात हजर. कधी कधी वाटतं, जरा सोडा मला.”

ती तक्रार करत होती, आणि मला ते दागिने दाखवल्यासारखं वाटत होतं. मी गोधडीची घडी घालत होते. ती घडी काही केल्या नीट येईना. टोकं जुळेनात. मी ती परत झटकली, परत जुळवली आणि एकदम मला रडू आलं.

धाकटी घाबरली. घाबरली की ती लहानपणीच्या अहिराणीवर येते. “तुले काय व्हयनं वं, अक्का?”

“काही नाही.”

“मेहुणे काही बोलले?”

“ते काही बोलतच नाहीत,” मी म्हटलं. मग गोधडी कठड्यावर ठेवली आणि बोलून टाकलं. “मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही. तुझा कूलर पाहिला तेव्हापासून.”

तिला कूलरचं काही कळलं नाही. पण बाकीचं कळलं. मला वाटलं, आता ती माझी समजूत घालेल, नवऱ्याचे चार दोष काढून दाखवेल, बायका घालतात तशी समजूत घालेल. तिचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. दहावीला पास झाली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

“खरं सांगस का?” ती म्हणाली. “तू मन्हा हेवा करस? तू?”

“हो.”

“पुन्हा सांग.”

“अगं...”

“सांग ना, अक्का. एकदा सांग.” तिनं माझे दोन्ही हात धरले होते. “तुला माहीत नाही. आख्खं लहानपण मी तुझ्या मागून चालले. तुझे मार्क, तुझी नोकरी. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा बायका म्हणत होत्या, थोरलीला इंजिनिअर मिळाला, हिला मोटारवाला. मी भांडी घासताना ऐकत होते. तू स्कूटी घेऊन कॉलेजात जातेस, कुणाला विचारत नाहीस, तुला मॅडम म्हणतात. मी आजही दुकानातल्या पावतीवर सही करताना अडखळते. मला वाटायचं, माझ्याकडे तुझ्यासारखं काहीच नाही. पुन्हा सांग.”

“मला तुझा हेवा वाटतो,” मी पुन्हा सांगितलं.

ती हसायला लागली. मग तिलाही रडू आलं. मला जरा रागच येत होता; मी इतकं मोठं काढून तिच्यापुढे ठेवलं आणि ही त्याची मेजवानी करत होती. पण तिचे हात गरम होते आणि ती सोडत नव्हती. खालून पुन्हा आवाज आला, “काय झालं? वर येऊ का?” आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, “नको!”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जळगावच्या एसटीत बसले. पारोळ्यापर्यंत मला हलकं वाटत होतं. नंतर वाटलं, बोलून काय झालं? तिला आनंद झाला, माझ्या हातात काय आलं? ती तिच्या घरी चहा पीत असेल, आल्याचा.

घरी आले तेव्हा नवरा आला होता. त्याची सुट्टी होती की तो लवकर आला होता, मी विचारलं नाही. त्यानं भात लावला होता. वरण करायचं माझ्यासाठी ठेवलं होतं, कारण ते त्याला जमत नाही. मी हात-पाय धुऊन फोडणी टाकायला उभी राहिले. तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

“कसं होतं प्रशिक्षण?”

“नेहमीसारखंच.”

“आणि ती दोघं?”

मोहरी तडतडली. मी त्याच्याकडे पाठ करूनच म्हटलं, “मी धाकटीला सांगितलं, मला तिचा हेवा वाटतो म्हणून.” एकदा बोलले होते, त्यामुळे दुसऱ्यांदा सोपं गेलं. “तुम्हाला राग येत असेल तर येऊ दे.”

मी वरण ढवळत राहिले. मग तो म्हणाला, “मला त्याचा वाटतो.”

मला आधी कळलंच नाही. “कुणाचा?”

“साडूंचा.” तो आत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. “तो सगळ्यांदेखत खाली बसतो, निऱ्या धरतो. मलाही एकदा वाटलं होतं, धाकटीच्या लेकीच्या बारशाला. तू एकटीच निऱ्यांशी ओढाताण करत होतीस. मी उठलो पण. मग आमच्या काकांनी पाहिलं, अन् मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.” तो हसल्यासारखा झाला. “किल्ली खिशातच होती.”

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, गॅसकडे बघत होता.

“आमच्या घरी वडील आईशी दिवसातून किती बोलायचे, मला आठवत नाही. ती पाणी द्यायची, ते घ्यायचे. मला वाटतं, की करावं. पण हात जड होतात. लोक नसले तरी होतात. हा माणूस कसं करतो? भरीत केलं त्या दिवशी तू त्याला बोललीस, मला वाटलं, बरं झालं, आता जरा दबेल. अन् तो खुश झाला. मला इतका राग आला त्याचा.”

“मलाही,” मी म्हटलं.

“तुलाही?”

“मी तो दबावा म्हणूनच बोलले होते.”

त्यानं आता माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांत कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. वरण उतू गेलं. त्यानं गॅस बंद केला.

त्या संध्याकाळी आम्ही ताटं वाढून घेतली आणि धुळ्याच्या त्या दोघांबद्दल बोलत बसलो. मी त्याला कूलरची गोष्ट सांगितली. त्यानं मोटारीची गुणगुण कशानं होते ते समजावलं, आणि या वेळी मला ते ऐकावंसं वाटलं. मी अक्सोरी शेठ सांगितलं, तो ठसका लागेपर्यंत हसला. आम्ही त्या दोघांची उणीदुणीही काढली, खोटं कशाला बोलू. तो तिला एकटीला आईकडे राहू देत नाही हे मी सांगितलं, तेव्हा माझा नवरा म्हणाला, “हे मात्र जास्त झालं,” आणि मला ते फार आवडलं. मग थांबून त्यानं विचारलं, “तुला आल्याचा चहा चालत नाही ना?”

“नाही.”

“मला वाटलंच. म्हणून मी घालत नाही.”

हे खरं होतं की त्यानं आत्ता अंदाजानं सांगितलं, ते मला ओळखता आलं नाही. मी फार खोलात गेले नाही.

माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. अजूनही तो रस्त्यानं पुढेच चालतो, आणि मी अजून त्या खाकरण्यावर वळते. धाकटीला मात्र चव लागली आहे. दर दोन दिवसांनी फोन करते आणि मुद्दाम सांगते की यांनी आज काय केलं, आणि मी जळते का ते कान देऊन ऐकते. तसा पहिला फोन त्या संध्याकाळीच, आम्ही जेवत बोलत बसलो असताना आला. टेबलावर मोबाइल थरथरत होता.

“घे ना,” नवरा म्हणाला. “तिचाच आहे.”

“वाजू दे,” मी म्हटलं. “तुम्ही ते बारशाचं पुन्हा सांगा. काकांनी पाहिलं, मग?”